पहिल्या हाकेला ओ

पहिल्या हाकेला त्यांनी कधी ओ दिली नाही. दिली नाही म्हणजे नाही. समोर बसलेले असायचे, कान चांगले शाबूत होते, तरी "सर" म्हटलं की पापणीसुद्धा हलायची नाही. मग आपण परत म्हणायचं, "सर." तेव्हा सावकाश वळायचे आणि विचारायचे, "कुणाला?" आता त्या खोलीत सर म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतंच. पण विचारायचे खरं.

मला आधी वाटलं, माणूस घमेंडी आहे. मग वाटलं, डोक्यात काही कमीजास्त आहे. गेटवरचे चाचा जुन्या शहरातले, त्यांच्या तोंडात उर्दू, हिंदी आणि आमची मराठी एकाच ताटात वाढल्यासारखी. ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, साब को पुकारना है तो दो दफा का दम लेके जाव. पहली आवाज उनके खाते में जमाच होत नाय."

फोनचंही तेच. फोन वाजायचा, वाजून वाजून बंद पडायचा, सर त्याच्याकडं बघत बसलेले. परत वाजला की उचलायचे. कारखान्याचे मालक, आमचे शेठ, फोनवरून ओरडायचे ते आम्हाला बाहेरून ऐकू यायचं.

आणि स्वतः ते कुणाला हाक मारायचे नाहीत, हे त्याहून अवघड. काम असलं की उठून यायचे आणि खुर्चीमागं उभे राहायचे. बोलायचे नाहीत. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ येऊ नये म्हणून चपला बाहेर काढायची पद्धत होती, त्यामुळं पाऊल वाजायचं नाही. आपण आपल्या नादात टाइप करतोय, आणि स्क्रीनच्या काळ्या काचेत आपल्या डोक्यामागं दुसरं एक डोकं दिसायचं. किती वेळापासून उभे आहेत, देव जाणे. माझ्यासोबत काम करणारी शैला एकदा एवढी दचकली की तिच्या हातचा चहा कीबोर्डवर. ती शहरातल्या गुलमंडीची, तोंडाची फटकळ. म्हणाली, "सर, घुंगरू बांधून देऊ का पायात?" सर हसले नाहीत. म्हणाले, "मी हाक मारली असती तर तुम्ही दोघी उठला असता."

हे पंचाण्णवच्या आधीचं बोलतेय मी. पैठण रोडला चितेगावच्या बाजूला कारखान्यांमागून कारखाने उठत होते. परवा जिथं ज्वारी डोलत होती तिथं आज पत्र्याची शेड आणि उद्या भोंगा. आमचा कारखाना यंत्रं चालू-बंद करणाऱ्या पेट्या बनवायचा, कंट्रोल पॅनेल म्हणतात ते. शेठना पुढं जायची हौस फार. त्यांनी मागच्या बाजूला एक खोली गार करून घेतली, चार कॉम्प्युटर मांडले, दारावर पाटी लावली आणि सरांना तिथं मुख्य नेमलं. मी मूळची वैजापूरकडची, धनगराची. दादांची, म्हणजे वडलांची, मेंढरं होती. दहावी झाले, टायपिंग शिकले, कॉम्प्युटर मात्र कुणी शिकवला नाही, बसून बसून आपलाआपणच आला. चितेगावातच खोली करून राहायचे.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

प्रोग्राम लिहिणारा माणूस त्याच्या भाषेत लिहितो. ते यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. पुण्याच्या एका कंपनीनं असा कंपायलर नव्यानं केला होता, आणि तो तपासायचं काम शेठनी घेतलं होतं. तपासायचं म्हणजे काय, मुद्दाम गडबड असलेले प्रोग्राम लिहून त्याच्यापुढं टाकायचे आणि तो गडबड ओळखतो का बघायचं. सरांची लाडकी गडबड एकच होती. प्रोग्रामात जी कामं असतात त्यांना नावं असतात, त्यांना मेथड म्हणतात. एकाच नावाच्या दोन मेथड ठेवता येतात. हाक मारताना सोबत काय दिलंय त्यावरून कंपायलर ठरवतो की कुणी ओ द्यायची. आकडा दिला तर हिनं, अक्षरं दिली तर तिनं. पण कधीकधी असं काही दिलं जातं की ते दोघींनाही चालतं. तेव्हा कंपायलरनं थांबून वॉर्निंग द्यायची, की बाबांनो, ही हाक दोघींना लागू पडतेय, मी कुणाला उठवू? ती न देता त्यानं आपल्या मनानंच एकीला उठवलं, तर प्रोग्राम चालतो, बिनबोभाट चालतो, आणि भलतंच काम होऊन बसतं.

शैलाला हे समजायला वेळ लागला. मला पटकन उमगलं. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणवठ्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले की दादा हाक मारायचे आणि आपली मेंढरं बाजूला व्हायची. एखादं कोकरू मात्र दोन्ही हाकांना मान वर करायचं. त्याच्याकडं बोट दाखवून दादा समोरच्या धनगराला आधी विचारायचे, हे कुणाचं? न विचारता नेलं की भांडण. मी हे सांगितलं तेव्हा सरांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाले, "बरोबर. आधी विचारायचं. नेल्यावर विचारून काय उपयोग?"

त्या दिवसापासून त्यांनी मला ते काम दिलं. मला ते "खिडकीजवळच्या, वैजापूरच्या बाई" एवढं सगळं म्हणायचे. नुसतं बाई कधी नाही.

त्यांच्या सगळ्या चाचणी-प्रोग्रामांत मेथडचं नाव एकच, इंग्रजी अक्षरांत HAK. आणि ज्या दोन वस्तूंवरून गोंधळ व्हायचा त्यांची नावं THORLA आणि DHAKTA. मी एकदा विचारलं, "सर, दुसरी नावं सुचत नाहीत का?"

"नावं काहीतरी द्यावीच लागतात," म्हणाले, आणि उठून गेले.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि सगळं त्यावरच आहे. पहिला रन धरायचा नाही असा त्यांचा नियम होता. रन म्हणजे कंपायलर एकदा चालवून बघणं. रोज सकाळी आदल्या दिवसाचं सगळं पुसून मशीन कोरं करायचं. मग पहिला रन द्यायचा, तोही झाकून. कॉम्प्युटरला धूळ बसू नये म्हणून कापडी कव्हरं असायची ना तेव्हा, ते कव्हर मॉनिटरवर तसंच ठेवायचं आणि कळ दाबायची. आत काय उमटतंय ते बघायचं नाही. मग कव्हर काढायचं, स्क्रीन पुसायचा आणि दुसरा रन द्यायचा. तो खरा. कारण विचारलं तर म्हणायचे, "यंत्र थंड असतं. पहिल्यांदा काय वाटेल ते बोलतं." आम्हीही तसंच करायचो. कव्हर घातलेल्या मॉनिटरसमोर तोंड फिरवून बसलेल्या दोन बाया आणि एक बाप्या. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर पळालाच असता.

खोलीला मागं एक दार होतं. त्याला कायम आतून कडी. त्या बाजूला मोकळं रान, चार बाभळी आणि एक कोरडा नाला. सरांची खुर्ची त्या दाराकडं पाठ करून असायची. उकडून जीव गेला तरी ते दार उघडू द्यायचे नाहीत. खिडकीच्या काचांना ऊन येऊ नये म्हणून बाहेरून काळा कागद चिकटवलेला, त्यामुळं दुपारी वीज गेली की खोलीत मिट्ट काळोख व्हायचा, बॅटरीवर एकच मशीन चिरचिरत राहायचं, आणि सर अंधारात मान थोडी मागं कलवून बसायचे. ऐकत असल्यासारखे. एकदा मी म्हटलं, "काय ऐकताय, सर?" म्हणाले, "काही नाही. ऐकू येऊ नये म्हणून बसलोय." मी शैलाला डोळ्यानं खुणावलं आणि दोघी बाहेर येऊन चाचांजवळ उन्हात उभ्या राहिलो.

त्या हिवाळ्यात शहराचा श्वास कोंडल्यासारखा होता. विद्यापीठाच्या नावाचा निकाल आता लागतो, मग लागतो, असं चाललं होतं. नामांतर व्हावं म्हणणारे आणि होऊ नये म्हणणारे एकाच बसनं कारखान्यात यायचे आणि दोघंही खिडकीबाहेर बघत यायचे. पंधराएक वर्षांचं दुखणं ते. चाचा म्हणायचे, "नाम तो होनाच है, बाई. बस, कोई घर न जले." सर या विषयावर चकार शब्द काढायचे नाहीत. शैलानं एकदा त्यांना धीर करून विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या बाजूचे?" ते कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "आमची बाजू विचारायला लोक घरी येतात." पुढं कुणी विचारलं नाही.

आणि त्याच हिवाळ्यात पुण्याहून त्या कंपायलरचा सुधारलेला नवा अवतार खिडकीजवळच्या मशीनवर आला. माझ्या मशीनवर. बाकीच्या तिन्हींवर जुना होता, तो प्रत्येक वेळी वॉर्निंग द्यायचा. नवा सगळं ओळखायचा, जुन्यापेक्षा झटपट ओळखायचा, पण सरांचा HAK समोर टाकला की गप्प. वॉर्निंग नाही, काही नाही. गुपचूप एकाला उठवून मोकळा. दर वेळी THORLA.

सर माझ्या खुर्चीमागं उभे राहून बघायचे. "परत थोरला," एवढंच म्हणायचे. आवाज असा की मला मागं वळून बघायची छाती व्हायची नाही.

पुण्याला अहवाल जायचा होता. कंपायलर ठीक आहे अशी सरांची सही त्यावर हवी होती. सर सही करेनात. शेठ आले, चपला न काढताच आत आले. "अहो, एक वॉर्निंग येत नाही म्हणून सगळं काम अडवून धरलंय तुम्ही! बाकी सगळं बरोबर आहे ना?"

सर स्क्रीनकडंच बघत राहिले.

"मी तुमच्याशी बोलतोय!"

तेव्हा सर वळले. "तो न विचारता निवडतो. मी सही करणार नाही."

"मग संक्रांतीनंतर या खुर्चीवर दुसरा बसेल, आणि तो करेल. बघा तुम्ही काय ते."

शेठ गेले. शैला जेवायला कँटीनच्या शेडमध्ये गेली. मी जागेवरच भाकरीचं फडकं सोडून बसले होते. काचेत डोकं दिसलं.

"वैजापूरच्या बाई, तुमच्या घरी तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर काय करतात?"

मी म्हटलं, "पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, सर. माणूस असला तर परत मारतो. ते दुसरं असतं ते एकदाच मारतं."

"आमची आई याबाबतीत लई कडक," ते म्हणाले. लई हा शब्द त्यांच्या तोंडी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शेजारची खुर्ची ओढून बसले आणि भिंतीकडं बघत बोलायला लागले.

त्यांचं गाव सिल्लोडच्या बाजूला. थोरला भाऊ गावातल्याच शाळेत मास्तर. हे मास्तरकीच्या कॉलेजात शिकत होते, पण गाव त्यांनाही मास्तरच म्हणायचं, कौतुकानं म्हणा, चेष्टेनं म्हणा. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव पहिल्यांदा झाला तो पावसाळा. भावानं चावडीपुढं उभं राहून नावाच्या बाजूनं भाषण केलं होतं. यांनी शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तेच रंगवलं होतं. "डूख धरायला दोघंही पुरेसे होतो," म्हणाले. "आजूबाजूच्या गावांतून आमच्या लोकांची घरं पेटल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या गावात होणार नाही असं आम्हाला वाटत होतं. प्रत्येक गावाला तसंच वाटत होतं."

तिन्हीसांजेला आई भाकऱ्या थापत होती. हाक आली. आईनं पिठाच्या हातांनी दोघांची मनगटं धरली आणि हलू दिलं नाही, नियमच तो. मग बऱ्याच वेळानं पुढच्या दाराशी परत हाका. दोन, तीन. 'मास्तर, ओ मास्तर! जरा बाहेर या.' आता माणसंच होती हे नक्की. दोघंही उठले.

"भावानं माझ्या छातीवर हात ठेवून मला खाली बसवलं. म्हणाला, मला बोलावतायत, तू जेव. चपलासुद्धा घातल्या नाहीत त्यानं." ते थांबले. "सकाळी ओढ्यापलीकडं..." आणि पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडून दिलं.

मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"त्यांना कोण पाहिजे होतं, बाई? भाषणवाला की भिंतवाला? मला बोलावलं असेल तर तो माझ्या जागी गेला. एवढंच मला आजपर्यंत कळलेलं नाही." मग मशीनकडं बोट करून म्हणाले, "हा दगड आहे. याला भीती नाही, जात नाही, गाव नाही. यानं तरी आधी सांगावं. सांगावं की नको?"

"सांगावं, सर," मी म्हटलं.

त्यानंतर दोनचार दिवसांनी शहरात बंद होता. बस आली नाही, सर आणि शैला शहरातले, येऊ शकले नाहीत. मी चितेगावातून चालत आले. कारखान्यात मी आणि चाचा, बाकी सगळीकडं शुकशुकाट. संक्रांत तोंडावर आली म्हणून शेठनी साफसफाई काढायला लावली होती, आणि चाचांनी सकाळीच कॉम्प्युटरची कव्हरं धुऊन तारेवर वाळत घातली होती. चौकोनी, पांढरी, वाऱ्यानं फुगलेली. लांबून बघितलं तर चार बाया पदर तोंडावर घेऊन ओळीनं उभ्या आहेत असं वाटत होतं.

मी नेहमीसारखं मशीन पुसून कोरं केलं. पहिला रन. झाकायला कव्हर नाही. म्हटलं, नाही तर नाही, आणि सवयीनं तोंड फिरवून खिडकीकडं बघत कळ दाबली.

खिडकीच्या काचेत स्क्रीन दिसत होता. उलटी अक्षरं. आणि एक ओळ जास्त होती.

मी गर्रकन वळले. वॉर्निंग होती! सरळ, स्वच्छ. HAK ही हाक THORLA आणि DHAKTA दोघांना लागू पडते, असं इंग्रजीत लिहिलेलं. मी बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं. नीट खात्री करावी म्हणून दुसरा रन दिला. ओळ नाही. परत दिला. नाही. परत. काहीच नाही, नुसता THORLA.

भर दिवसाची वेळ, चिटपाखरू नाही, आणि त्या बंद खोलीत कुणीतरी मला एकदाच काहीतरी सांगून गेलं होतं. मी चपला हातात घेऊन बाहेर पळाले.

"चाचा, आत कुणी आलं होतं का?"

"कौन येणार? मी इथंच बसलोय." माझं तोंड बघून हसले. "क्यों, जिन्न देखा क्या? अरे, जिन्न को कंप्यूटर कहाँ येतो, बाई!"

मी हसले नाही. मग तेही हसायचे थांबले आणि सरकून मला स्टुलावर जागा दिली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. शैला म्हणाली, "ताई, उपासबिपास होता का काल?" सर म्हणाले, "पहिला रन धरायचा नाही."

"धरू नका, सर," मी म्हटलं. कुठून बळ आलं कोण जाणे. "पण बघा तरी एकदा."

त्यांनी मशीन कोरं केलं. कव्हर माझ्या हातात होतं, मी ते पुढं केलं नाही. त्यांनी कळ दाबली आणि मान खाली घातली. मग हळूहळू वर केली.

ओळ होती.

परत रन दिला. ओळ गायब. सगळं पुसलं, कोरं केलं, रन दिला. ओळ होती. परत दिला. गायब. असं ते करत राहिले. शेवटी शैलानंच पुण्याहून आलेलं माहितीपत्रक चाळून कारण काढलं. नवा कंपायलर झटपट चालावा म्हणून पहिल्यांदा वाचलेलं बाजूला साठवून ठेवायचा. दुसऱ्यांदा परत वाचायचाच नाही, साठवलेलं उचलायचा. त्यामुळं वॉर्निंगही पहिल्यांदाच द्यायचा, नंतर गप्प. बाकीच्या गडबडी अडल्या की तो त्या साठवायचाच नाही, म्हणून त्या दर वेळी पकडायचा; HAK मात्र चालून जायचा, म्हणून साठायचा. "सापडलं, सर!" शैला टाळी वाजवून म्हणाली. "भूतबीत काही नाही!"

सर हलले नाहीत.

"रोज सकाळी सांगत होतं," ते म्हणाले. "आणि मी त्याच्या तोंडावर फडकं टाकत होतो."

"आता काय झालं त्याला, सर? कळलं ना!"

त्यांनी शैलाचं ऐकलंच नाही. माझ्याकडं बघत होते, पण बघत मला नव्हते. "बाई, पहिली हाक पुढून आली नव्हती. मागून आली होती. ओढ्याकडून. एकदाच. दबक्या आवाजात. बाईमाणसाचा आवाज, नुसतं 'मास्तर'." त्यांनी मान वळवून मागच्या दाराकडं बघितलं. "पुढच्या दारात ते लोक आले ते नंतर. खूप नंतर. मागच्या दारानं आम्ही दोघं ओढा ओलांडून गेलो असतो एवढ्या नंतर."

मी आणि शैला, दोघींनीही एकमेकींकडं बघायचं टाळलं.

ते उठले, मागच्या दाराकडं गेले आणि कडी काढली. कधीच न काढलेली, गंजलेली कडी, निघताना किंचाळली. ऊन भसकन आत आलं. बाहेर बाभळी, नाला, बाकी काही नव्हतं. ते उंबऱ्यात बराच वेळ उभे राहिले. गारवा सगळा निघून गेला, मशीनवर धूळ यायला लागली, पण दार लावून घ्या असं म्हणायची आमची काही हिंमत झाली नाही.

त्याच दिवशी त्यांनी अहवालावर सही केली. शेठ आश्चर्यानं म्हणाले, "म्हणजे पास ना?"

"पास. तो सांगतो. पहिल्या वेळेला सांगतो, तेवढं लिहिलंय मी. ऐकणाऱ्यानं ऐकावं."

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. नामांतर नाही, नामविस्तार म्हणाले, पण नाव आलं. शहरात कुठं गुलाल, कुठं बंद दारं. विद्यापीठाच्या गेटपाशी माणसांचा पूर लोटलेला, म्हाताऱ्या बाया कमानीला हात लावून रडत होत्या असं शैला सांगत होती. सर त्या गर्दीत नव्हते. ते गावी गेले होते. भावाला नेलं त्यानंतर पहिल्यांदा.

परत आले ते थेट माझ्या खुर्चीमागं उभे राहिले नाहीत. दारातूनच म्हणाले, "वैजापूरच्या बाई." हाक मारली त्यांनी! मी उठूनच उभी राहिले.

"कळलं का, सर? कुणाची हाक होती?"

त्यांनी गावात घरोघर विचारलं होतं. आपल्या वस्तीत, मग गावात. सगळे म्हणाले, आम्ही नव्हतो. शेवटी वरच्या आळीतली एक म्हातारी, डोळे गेलेले, ओसरीत गोधडीवर बसलेली. तिचा नातू भावाच्या वर्गात होता. यांची चाहूल लागल्याबरोबर ती म्हणाली, "मास्तर, आलास व्हय?"

"आवाज तोच," सर म्हणाले. "एका शब्दात ओळखला मी. पाय धरले तिचे. म्हटलं, आजी, त्या दिवशी ओढ्याकडून तुम्हीच हाक मारली होती. तर ती म्हणते, नाय रे लेकरा. मी कुठं बाहेर पडले? पोरांचं बोलणं माझ्या कानावर आलं हुतं, म्हणून पोरांनीच मला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. दिवा लागायच्या आधीपासून सकाळपर्यंत मी कोंडलेली."

"मग?" मी विचारलं.

"म्हणाली, मनातल्या मनात मात्र सारखी हाक मारत हुते. मास्तर, पळ. मास्तर, पळ."

मी कसंबसं म्हटलं, "म्हणजे ती हाक माणसाची नव्हतीच, सर. मग आईंचं काही चुकलं नाही. नियम बरोबरच होता."

सरांनी जरा विचार केला. "भुताची असती तरी ओ द्यायला पाहिजे होती," म्हणाले, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. खुर्ची मात्र फिरवून घेतली. दाराकडं तोंड करून.

त्यानंतर मागचं दार कधी लागलं नाही. शेठ धुळीवरून बोलायचे, बोलून थकले. कव्हरं घडी करून कपाटात गेली. फोन एकदा वाजला की सर उचलायचे. "सर" म्हणायच्या आत "ओ" म्हणायचे. शैला म्हणायची, हे त्याहून भयंकर आहे, आपण तोंड उघडायच्या आत माणूस ओ देतो.

मी पुढं लग्न होऊन तिथून निघाले. निघायच्या आदल्या आठवड्यातली एक दुपार मला अजून दिसते. वीज गेलेली, मागच्या दारातून उन्हाचा पट्टा खोलीभर पडलेला. सर काहीतरी लिहीत होते. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं, मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाले, "ओ! आलो, आलो." आणि अनवाणी पायांनी मागच्या दारातून रानात चालायला लागले, ओळखीच्या कुणी बोलावल्यासारखे.

मला काही ऐकू आलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मी धावत पुढं गेले चाचांना सांगायला. तर चाचा आधीच स्टुलावरून उठून उभे होते, हात डोळ्यांवर आडवा धरून त्याच बाजूला, मागच्या रानाकडं बघत.

"किसकी आवाज थी, बाई?" ते म्हणाले. "साब को कौन बुलाया?"